फळ्याला एक दिवसाची सुट्टी

"आज्जी, आपल्याकडे झाडू किती आहेत?" साजिरीनं विचारलं, तेव्हा मी चकलीची भाजणी चाळत होते.

"एक केरसुणी आणि एक फरशी पुसायचा. कशाला गं?"

"आठ पाहिजेत. बसायला."

"झाडूवर बसायचं?"

"उडायला, आज्जी. जादूगार झाडूवर बसूनच उडतात."

माझ्या हातातली चाळणी थांबली. दिवाळी दोन आठवड्यांवर आलेली. लक्ष्मीपूजनाला जिला हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचं, तिच्यावर तंगड्या टाकून आठ पोरं बसणार! मी काही बोलायच्या आत पेपरामागून आमचे हे खुशीत म्हणाले, "बसू दे की. गवतच आहे ते."

आमचे हे म्हणजे शिंगरे सर. सांगलीच्या एका हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि तितकीच वर्षं शनिवार-रविवारी गावोगाव जाऊन बुवाबाजीविरुद्ध प्रयोग केले. आधी भगवी कफनी घालायची, खोटी दाढी लावायची, तळहातावर कापूर जाळायचा, मंत्र म्हणून बिनकाडीचा होम पेटवायचा. लोक पाया पडायला उठले की दाढी ओढून काढायची आणि सोबत नेलेला फळा टेकवून सगळी युक्ती खडूनं समजावून सांगायची. त्या कफन्या मी शिवल्या, त्या दाढ्या मी विंचरल्या, तरी केरसुणीला पाय लागला की हात जोडायची माझी सवय त्यांना सोडवता आली नाही. आपल्या आयुष्यातला हा एकच पराभव, असं ते येईल त्या पाहुण्याला सांगतात.

मुलाचं नाव आम्ही काय ठेवलं असेल ते सांगायलाच नको. विवेक. तो आठ वर्षं परदेशात राहून त्या जूनमध्ये बायको-मुलीसकट सांगलीला परत आला होता. साजिरी त्याची मुलगी, आठ वर्षांची. तिकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी पोरं भुतांचे नाहीतर जादूगारांचे कपडे घालून दारोदार गोळ्या मागत हिंडतात, त्याला हॅलोविन म्हणतात, एवढं मला फोनवरून माहीत झालं होतं. ते आता आमच्या अंगणात व्हायचं होतं.

"कोण कोण येणार?" मी विचारलं.

"कॉलनीतले सात जण आणि मी. आणि आबा. आबा मुख्य जादूगार."

पेपर खाली आला. "मी?"

"मी सांगितलंय सगळ्यांना." साजिरीचा आवाज जरा खाली गेला. "की माझे आबा खरे जादूगार आहेत. तुमचा तो फोटो दाखवला. हातावर जाळ असलेला."

"पण तो फोटो प्रयोगातला आहे. खाली लिहिलंय की तसं."

"खालचं मी बोटानं झाकलं."

मला हसू आलं, पण यांचा चेहरा पाहून गिळलं. साजिरीला जवळ घेऊन विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. इथं आल्यावर तिनं पोरांना सांगितलं होतं की तिकडे खिडकीपर्यंत बर्फ साचतो. पोरांनी विश्वास ठेवला नाही. मग सांगितलं की तिच्या शाळेत एक ससा होता आणि त्याची हजेरी घ्यायचे. पोरं आणखीच हसली. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण तिचं नाव पडलं थापाडी. कॉलनीत खेळायला गेली की "आली थापाडी" अशीच हाक. शेवटी वैतागून तिनं खरोखरच एक थाप मारली, आणि नेमकी तीच सगळ्यांना पटली.

"आता तुम्ही फळ्यावर शिकवलंत ना आबा," ती म्हणाली, "तर मी जन्मभर थापाडी."

सर खुर्चीत सावरून बसले. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की बसायचे तसे. "हे बघ साजिरी. मी चमत्कार करीन. दाढी लावीन, टोपी घालीन, तू म्हणशील तर झाडूवरही बसेन. पण शेवटी सांगणार. न सांगता मी एकही प्रयोग केलेला नाही."

"एकही नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेपराची घडी घातली. "करायचा नसतो," म्हणाले.

"आबा, हॅलोविनला फळा नसतो!"

"मग हॅलोविनला आबापण नाही."

दोन दिवस घरात दोघांचा अबोला. आजोबा आणि नात एकाच ताटलीतले शेंगदाणे खात, पण एकमेकांकडे न बघता. सून म्हणाली, "आई, तुम्हीच काहीतरी करा. मला तर यातलं कोण आठ वर्षांचं तेच कळेना झालंय."

मग मी मध्ये पडले. तोडगा माझाच, म्हणून आजही तो मी माझ्याच माथी घेते. गुरुवारी संध्याकाळी पार्टी. शुक्रवारी सकाळी दहा वाजता सगळ्या पोरांना परत बोलवायचं, चकल्या द्यायच्या आणि फळ्यावर सगळं समजावायचं. साजिरीनंच सांगायचं की ही आमची दोघांची गंमत होती. फळ्याला फक्त एक दिवसाची सुट्टी.

"उद्या सांगू म्हणून सोडायचं नसतं, कुमुद," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला माहीत आहे."

"ती आठ वर्षांची पोरं आहेत. एका रात्रीत काय बिघडणार आहे?"

साजिरीनं हात पुढे केला. सरांनी बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं आणि मग हातावर हात ठेवला. "शुक्रवार, सकाळी दहा. तोपर्यंत तू म्हटल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. शब्द दिला."

एकदा शब्द दिल्यावर मात्र माणूस असा कामाला लागला की विचारू नका. ज्यानं मुलाच्या लग्नात आंतरपाटही धरला नाही, तो जादूगाराच्या टोपीचा कोन किती अंशांचा असावा यावर माझ्याशी वाद घालू लागला. मोडक्या छत्र्यांचं काळं कापड उसवून मी नऊ टोप्या आणि नऊ झगे शिवले. दाढी जुनीच, भगव्या बाबाची. ती धुतली तर कोमट पाण्यात अर्धी विरघळली, म्हणून उशीतला कापूस लावून वाढवली. केरसुण्यांवरून माझी आणि साजिरीची तडजोड झाली. नव्या केरसुण्यांवर कुणी बसणार नाही. त्याऐवजी काठीला नारळाच्या झावळ्या बांधायच्या.

आमंत्रणं तर सरांचीच करामत. हळदीच्या पाण्यात बुडवून कागद वाळवले, त्यांवर लिंबाच्या रसानं साजिरीनं मजकूर लिहिला. वाळल्यावर नुसता पिवळा कागद. वर पेन्सिलनं सूचना: "चुन्याच्या पाण्यात बुडवावे." बुडवलं की कागद लालभडक होतो आणि अक्षरं पिवळी उरतात. त्या संध्याकाळी कॉलनीतल्या समस्त पानखाऊ आजोबांच्या चंचीतला चुना संपला म्हणतात. दुसऱ्या दिवशी साजिरी खेळून आली ती उड्या मारतच. "आज्जी, कुणीच थापाडी म्हणालं नाही!"

गुरुवारी साडेपाचला अंगणात आठ काळ्या टोप्या जमल्या. मध्ये विटांवर लोखंडी कढई, तिच्यात लाकडाचे ढलपे. घरातून मुख्य जादूगार बाहेर आले. सहा फूट उंची, छातीपर्यंत कापूस, आणि टोपी दाराच्या चौकटीला अडकून मागे पडलेली. कुणी हसलं नाही. त्यांनी लिंबू कापलं, त्यातून लाल रस आला. कोऱ्या पिवळ्या कागदावर हात टेकला, रक्तासारखा पंजा उमटला. पोरं एकमेकांना चिकटली. साजिरी सगळ्यांत पुढे, तिच्या चेहऱ्यावर इतकं तेज की मला वाटलं, झाली असेल चूक माझ्या हातून तर होऊ दे.

मग कढई. सरांनी पळीभर तूप ओतलं. ते तूप नव्हतं हे फक्त आम्हा तिघांना माहीत. ढलप्यांखाली विहिरीत टाकायचे जांभळे खडे होते, त्यांच्यावर हे ग्लिसरीन पडलं की जाळ होतो. पण लगेच नाही, अर्धं मिनिट लागतं. बुवा लोक मंत्र म्हणतात तो एवढ्याच वेळेसाठी. सरांचा मंत्र मी तीस वर्षं ऐकत आले. दोन्ही हात वर करून खर्जात सुरू झाले, "हायड्रोजनं, हीलियं, लिथियं, बेरिलियं..." कार्बनपर्यंत पोचले आणि कढईतून भक्कन जाळ उठला.

पोरांनी जी किंकाळी फोडली ती गणपती मंदिरापर्यंत गेली असेल.

सात वाजता मुलांना न्यायला आईबाप आले. मी वाट्या गोळा करत होते. कढई विझली होती आणि तिच्याशी प्रांजल उकिडवी बसली होती. प्रांजल ऐनापुरे आमच्या मागच्या गल्लीत राहायची, साजिरीच्याच वर्गात होती. तिचे बाबा औषधाच्या दुकानात कामाला. चार महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय सुधारले, पण वाचा गेली ती गेलीच.

प्रांजलनं आपलं आमंत्रण झग्यातून काढलं, त्यावर कढईतली चिमूटभर राख घेतली आणि पुडी बांधली. मग उठून सरांसमोर गेली.

"आजोबा, ही राख बाबांना द्यायची का? जिभेला लावू?"

मी सरांकडे पाहिलं, आणि माझ्या हातातल्या वाट्या तिथंच राहिल्या.

विवेक दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. जतकडच्या एका वाडीवर प्रयोग होता. होम पेटला आणि तेवढ्यात शेवटची एसटी सुटायची वेळ झाली. पुढच्या रविवारी येऊन सांगू, असं म्हणून सर फळा उचलून धावले. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. मीच उघडलं. कडेवर पाच वर्षांचा मुलगा घेऊन एक बाई उभी होती. पोराचा कान फुटलेला, अंग तापानं फणफणलेलं. होमातली राख तिनं पदरात बांधून नेली होती आणि दवाखान्याचं औषध बंद केलं होतं. राख संपली, म्हणून पत्ता विचारत विचारत आणखी मागायला आली होती. सर शाळेतून आले ते पायातल्या चपला न काढता रिक्षा आणायला पळाले. मुलगा वाचला. एका कानानं त्याला पुढे कधीच ऐकू आलं नाही.

हे आम्ही कुणाला सांगितलेलं नाही. विवेकलाही नाही. आणि ज्या बाईला मी दार उघडलं होतं, तिला विसरून मीच म्हटलं होतं की एका रात्रीत काय बिघडणार आहे.

सर गुडघ्यांवर बसले. कापसाच्या दाढीत त्यांचे ओठ हलले, पण शब्द दिला होता. त्यांनी साजिरीकडे पाहिलं. तीस वर्षांत भल्याभल्या बुवांना न भ्यालेला माझा नवरा, आठ वर्षांच्या पोरीकडे परवानगी मागत होता.

साजिरीला जतची बाई माहीत नव्हती. तिनं फक्त आबांचा चेहरा पाहिला आणि प्रांजलच्या मुठीतली पुडी. फाटकाशी बाकीची पोरं आईबापांना जाळाची गोष्ट सांगत उभी होती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"प्रांजल, ते लावू नको," ती म्हणाली. "ती नुसती राख आहे. आबा जादूगार नाहीत. मी थाप मारली."

"बघ! म्हटलं नव्हतं, थापाडी आहे!" असं कुणीतरी म्हणालंच. साजिरीनं मान खाली घातली, पण पुढे बोलत राहिली. खडे, ग्लिसरीन, सुरीला लावलेला जास्वंदीचा रस, एकेक सगळं सांगितलं. शेवटी तिचा आवाज फुटला. मग ती आबांच्या झग्यात तोंड खुपसून रडली, आणि सर त्या झग्यासकट तिला उचलून उभे राहिले. साठी उलटलेली, कंबर धरलेली, तरी उचललं.

प्रांजल पुडीकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "बाबांच्या दुकानात पण तसले खडे हायत. पण म्हटलं, विचारून बघू."

मी तिला जवळ घेतलं, तर ती माझ्या पदराआडून म्हणते, "आज्जी, आजोबा मला हे शिकवतील का? बाबांना करून दाखवते. ते हल्ली हसतच नाहीत."

"आत्ता शिकवतो!" सर गरजले. दाढी ओढून काढली आणि बैठकीच्या पडद्यामागून फळा ओढत आणला. म्हणजे सुट्टी दिलेला फळा गृहस्थानं खडू-डस्टरसकट तिथं तयारच ठेवला होता. आईबाप फाटकात उभे, पोरं अंगणात मांडी घालून, आणि आठ टोप्यांचा वर्ग साडेसातपर्यंत चालला.

शुक्रवारी दहाला, ठरल्याप्रमाणे, पोरं चकल्यांना आली. पाठोपाठ रिक्षा थांबली आणि तिच्यातून प्रांजलची आई तिच्या बाबांना हाताला धरून उतरवू लागली.

"डॉक्टर म्हणतात रोज बोलायचा सराव करा," ती मला हळूच म्हणाली. "पण हे तोंडच उघडत नाहीत ओ. लाज वाटते त्यांना. आज पोरीनं हट्टच धरला."

ऐनापुऱ्यांना कढईसमोर खुर्ची दिली. प्रांजलला जवळ जाऊ दिलं नाही. तूप ओतायचं काम सरांनी केलं आणि मग घसा धरून खोकले. "मला आज मंत्र म्हणवत नाही. ऐनापुरे, तुम्ही म्हणा. पोरं सांगतील."

आठ पोरं एका सुरात, "हायड्रोजनं, हीलियं..." ऐनापुरे नुसते बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलले. "हा... हा..." असा जेमतेम श्वास. बेरिलियं गेलं, बोरॉन गेलं, जाळ भक्कन उठला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणी काही समजावलं नाही. सर्वांना माहीत होतं आणि सर्वजण गप्प होते, सरसुद्धा.

ऐनापुऱ्यांनी चांगला हात पुढे करून सरांचा हात धरला. उलटा केला. बोटांवर खड्यांचे तपकिरी डाग होते. वीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलेला माणूस. त्यांनी डाग पाहिले, सरांकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं होऊन हसू फुटलं.

"ल... लबाड," ते म्हणाले.

चार महिन्यांतला पहिला शब्द. प्रांजलची आई मटकन पायरीवर बसली. सरांना जिल्ह्याचा आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली होती तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. या एका शब्दानं आलं.

पण लोक लोकच. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की शिंगरे सरांनी मंत्र म्हणून ऐनापुऱ्यांची वाचा आणली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात नारळ येऊन पडू लागले. ज्या माणसानं जन्मभर बुवा उघडे पाडले तो ऐन दिवाळीत स्वतःच बुवा झाला. मी हसून हसून करंज्या जाळल्या. सर घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होते.

पाडव्याला सकाळी दार वाजलं. मीच उघडलं. कडेवर मूल घेतलेली एक बाई उभी होती, लांबून आल्यासारखी धुळीनं माखलेली.

"सर हायत का? तीन वर्षांचं झालं, अजून बोलत न्हाई ओ हे. कायतरी मंत्र..."

माझं हसू तिथंच मावळलं आणि हात कडीवर राहिला. मागून काहीतरी खरडत येत असल्याचा आवाज झाला. साजिरी फळा ओढत आणत होती, तिच्याहून उंच फळा. सर तिच्या मागून आले. रिक्षा बोलवायला म्हणून त्यांनी चपला आधीच घातल्या होत्या.

"आत या काकू, बसा," साजिरी म्हणाली. "आबा तुम्हाला डॉक्टरांकडे नेतील. त्याआधी मी एक सांगते."

तिनं टाचा उंच करून फळ्यावर पहिली ओळ लिहिली: माझे आबा जादूगार नाहीत. अक्षर काही वळणदार नव्हतं, पण दारातून नीट वाचता येत होतं.